जितकं विचारलं तितकंच

हैदराबादला, आमच्या काचीगुड्याच्या घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. ते नानांच्या खोलीत, नानांच्या डोक्यावर, नानांच्याच किल्लीवर चालायचं आणि कायम मागं असायचं. आईचा सगळा संसार स्टेशनातल्या शिट्ट्यांवर बेतलेला होता. मनमाडकडची गाडी आली की दूध तापवायचं, लोकल सुटली की भाकरीचं पीठ मळायला घ्यायचं, आणि दुपारी मालगाडीचं शंटिंग सुरू झालं की तिची डुलकी मोडायची, मग ती मालगाडीला आपल्या नांदेडी बोलीत चार शब्द सुनावायची. भिंतीला भिंत लागून घरं. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला दखनी, मधे आम्ही दोन्हींची चव लागलेली मराठी बोलणारे. आंबाडीची भाजी आमच्याकडे भाकरीबरोबर व्हायची, डावीकडच्या घरी तीच गोंगुरा होऊन भातावर पडायची, आणि उजवीकडे तिच्यात मटण जायचं. आई म्हणायची, पाला एकच, सोंगं तीन. तिन्ही घरांच्या फोडण्या एकाच बोळात उतरायच्या आणि शाळेतून येताना कुणाकडे काय शिजलंय ते मला कोपऱ्यावरच कळायचं. याच गर्दीत आमच्या घरात इंग्रजी शिरलं आणि शिरल्या शिरल्या नानांच्या ताब्यात गेलं. तिथंच सगळा घोळ झाला.

नाना म्हणजे माझे वडील. कोर्टात पेशकार होते. मुन्सफसाहेबांच्या पुढ्यात बसायचं, फायली सरकवायच्या, साक्षीदाराला हाक मारून उभं करायचं, हे त्यांचं काम. पुढं सरकारनं हुद्द्याचं नाव बदललं, गल्लीनं बदललं नाही. नानांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यांच्या पिढीच्या हैदराबादी मराठी माणसाचं असंच होतं: पाढे उर्दूत, हिशेब उर्दूत, राग उर्दूत, आणि मराठी उरलेली देवाशी आणि बायकोशी बोलायला. इंग्रजीसुद्धा ते उर्दूच्या बोटाला धरूनच शिकले. आणि त्या काळच्या उर्दू वर्गात वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे, तशरीह करणं. उस्तादानं एक ओळ सांगायची आणि पोरांनी ती उलगडायची: वरचा अर्थ, आतला अर्थ, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, आणि त्यानं जे लिहिलं नाही ते का लिहिलं नाही. नानांना यात बक्षिसं मिळाली होती. त्यामुळे एखादं वाक्य जेवढं दिसतं तेवढंच असू शकतं, हे त्यांना जन्मात पटलं नाही.

गल्लीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो आमच्या ओट्यावर यायचा. एकदा वीज खात्याची नोटीस आली की सकाळी दहा ते एक करंट बंद राहील. नानांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. आधी 'क्षमस्व' या शब्दावर, की इंग्रज गेला पण शिष्टाचार ठेवून गेला. मग 'दुरुस्तीसाठी' यावर, की दुरुस्ती म्हणजे आधी बिघाड होता, मग बिघाड आतापर्यंत लपवला कुणी? अधिकाऱ्याच्या सहीत त्यांना घाई दिसली, घाईत अपराधी भाव दिसला. चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि नोटिशीच्या शेवटच्या ओळीवर नाना पोचायच्या आत ओट्यावरचा पंखा थांबला. लोक उठून गेले ते समाधानानं. करंट काय, कुणाचाही जातो, पण पेशकारसाहेबांसारखा अर्थ कोण सांगणार, असं म्हणत गेले.

अशा माणसाच्या हाताखाली मी इंग्रजीला लागले. मॅट्रिकपर्यंत मी मराठी शाळेत होते, आणि तिथलं इंग्रजी म्हणजे बाईंनी मराठीतून सांगायचं, आम्ही मान डोलवायची. कॉलेज मुलींचं होतं, पण पहिल्याच तासाला कळलं की इथं मान डोलवून भागायचं नाही. इंग्रजीच्या पेपरात एक उतारा यायचा, कधी न पाहिलेला, आणि त्याखाली प्रश्न. मग दहा अवघड शब्द, त्यांचे अर्थ, आणि स्वतःची वाक्यं. शिकवायला रत्नम मॅडम. सिकंदराबादहून बसनं यायच्या, अंगानं बारीक, पांढरी साडी, हातात बारा महिने छत्री. मराठी येत नव्हती, तेलुगूत त्या आम्हाला रागवत नसत, त्यामुळे जे काही व्हायचं ते इंग्रजीत आणि तोंडावर व्हायचं.

पहिल्या चाचणीतला उतारा मला अजून पाठ आहे. मिसेस हॉब्ज नावाची एक म्हातारी इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यात राहत असते. तिच्या घराचं धुराडं नीट ओढत नाही, खोलीत धूर कोंडतो, म्हणून ती रोज संध्याकाळी खिडकी उघडी ठेवते. पुढं तिच्याकडे मांजर येतं वगैरे. खाली प्रश्न: मिसेस हॉब्ज खिडकी का उघडी ठेवत असे? आता ज्या मुलीनं लहानपणापासून वीज खात्याच्या नोटिशीत अपराधी भाव बघितलाय, ती धुरावर थांबते होय? मी दीड पान लिहिलं. म्हातारीला एक मुलगा असावा, तो दर्यावर गेला असावा, खिडकी ही मनाची खिडकी, आणि नशिबाचं दार बंद असलं तरी आशेची झडप उघडी ठेवावी हाच लेखकाचा उपदेश. दर्या, नशीब, आशा यांचे इंग्रजी शब्द नानांनी मला आधीच घोटून घेतले होते, ते सगळे कामी आले. मॅडमनी शून्य दिलं. खाली लाल शाईत एवढंच: पण धूर होता ना?

तो पेपर मी नानांना दाखवला. त्यांनी उतारा वाचला, माझं उत्तर वाचलं, लाल शाई वाचली, आणि कपाळावर आठी घालून म्हणाले, "धूर कुठंही असतो. धुरासाठी कोण धडा लिहील?"

आज हे लिहिताना माझी नात सई समोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसलीय. तिलाही कसलीशी परीक्षा आहे आणि तिच्याही फोनवर उतारे येतात, खाली चार पर्याय. ती उतारा वाचत नाही, आधी पर्याय वाचते, मग वर जाऊन शोधते, आणि टुक् करून बोट लावते. मराठी बोलते छान, वाचायची म्हटली की फुटपाथवर चालल्यासारखी अडखळते. मघाशी तिनं विचारलं, आजी, यातला रायटरचा मूड कोणता? मी म्हटलं, सांगते, पण बस जरा. ती म्हणाली, बसायला टाइम नाही, फक्त ए, बी, सी की डी ते सांग. नाना असते तर या पोरीला त्यांनी ओट्यावर बसवून चारही पर्यायांची तशरीह ऐकवली असती.

तर शून्यानं नाना खचले नाहीत, उलट चेवले. माझी तयारी त्यांनी दुप्पट केली. शब्दांसाठी त्यांनी आईचीच पद्धत उचलली: स्टेशनात शिटी झाली की एक शब्द. मी आंघोळीला असो, जेवत असो, शिटी वाजली की नाना ओट्यावरून शब्द टाकायचे आणि मी असेन तिथून त्याचा अर्थ इंग्रजीत, उर्दूत आणि मराठीत परत फेकायचा. कुठली गाडी उशिरा आली तर शब्दही उशिरा यायचा. हे सगळं आईच्या डोक्यावरून जात असेल असं आम्ही समजत होतो. एके दिवशी जेवायला उशीर का म्हणून नानांनी विचारलं, तर आतून उत्तर आलं की आज डाळ रिलक्टंट हाय. शिजायला तयारच न्हाई. त्यानंतर आमच्या घरात न शिजणारी डाळ, न पेटणारा स्टो आणि माझी नांदेडची मावशी, हे तिघंही रिलक्टंट झाले ते कायमचे.

शब्द असे पक्के झाले, पण उताऱ्यांचं काय? शब्द जितके वाढले तितकी माझी उत्तरं लांबली. माझ्या बाकावर शाहेदा बसायची, बरकतपुऱ्याची, जिभेला तेज. ती माझा कागद बघून कपाळ बडवून घ्यायची. "खिडकी खुली, धुआँ गया, किस्सा खतम. काइकू इत्ता लंबा करते तुम लोगां?" मी तिला म्हणायचे की उर्दू तुझी भाषा, तशरीह तुमच्याकडची, आणि तूच मला विचारतेस? ती म्हणायची, शायरीकू करते तशरीह, बुढ्ढी की खिडकीकू नक्को. तिचं म्हणणं मला आतून पटायचं. पण नाना रोज कोर्टातून थकून यायचे, हातपाय धुवायचे, आणि चहासुद्धा नीट न पिता माझ्यासमोर बसायचे. त्यांचा तो उत्साह बघून, तुमची पद्धत चुकीची आहे, हे सांगायला माझी जीभ उचलायची नाही.

व्हायचं ते झालं. वर्षाच्या परीक्षेत मी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास. कॉलेजचा नियम सरळ होता: पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटलं तर पुढच्या वर्गात बसा, नाही सुटलं तर घरी बसा. घरी म्हणजे माझ्या बाबतीत नांदेडला, कारण त्या रिलक्टंट मावशीचा शिवणाचा क्लास होता आणि मला तिथं धाडायचं आईनं मनाशी धरलं होतं. मला शिवण येत नव्हतं, नांदेड सोसवत नव्हतं आणि कॉलेज सोडायचं नव्हतं. शाहेदा, कँटीनचा समोसा, लायब्ररीतली खिडकीजवळची खुर्ची, हे सगळं एका उताऱ्याच्या जिवावर टांगलेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे नाना. पेशकारसाहेबांची मुलगी, आणि इंग्रजीत नापास, हे गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. त्या आठवड्यात डावीकडच्या घरी एक इंग्रजी कागद आला, आणि तो आमच्या ओट्यावर न येता कोपऱ्यावरच्या टायपिस्टाकडे गेला. नाना ओट्यावरच बसले होते. कागद आपल्या समोरून गेला ते त्यांनी बघितलं, आणि हातातलं वर्तमानपत्र उलटं धरलंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून शेरवानी काढली. काळी, गळ्यापर्यंत बटणं, नाहीतर लग्नकार्यालाच घालायची. वर टोपी. मी म्हटलं, नाना, कुठं? म्हणाले, अपील करायला. मला वाटलं, कोर्टातच निघाले. पण मला बरोबर घेऊन ते थेट कॉलेजात आले, स्टाफरूमच्या दारात उभं राहून आत यायची परवानगी मागितली आणि रत्नम मॅडमपुढं माझा जुना पेपर ठेवून बोलायला लागले. त्यांचं इंग्रजी अर्जातलं होतं, प्रत्येक वाक्य 'नम्र विनंती' नं सुरू व्हायचं आणि 'न्यायाच्या हितार्थ' इथं संपायचं. सार एवढंच की उताऱ्याचं खरं मर्म माझ्या मुलीनंच ओळखलंय आणि शून्य फेरविचारास पात्र आहे. मागच्या खिडकीत शाहेदा आणि आणखी चारपाच जणी गोळा झालेल्या मला दिसत होत्या. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा वाटलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी टेबलावरच्या पुस्तकातला एक उतारा उघडला आणि नानांपुढं सरकवला. चार ओळींचा. एक शेतकरी अंड्यांची टोपली घेऊन बाजाराला निघतो. म्हणाल्या, साहेबांनी फक्त एवढंच सांगावं, की शेतकऱ्यानं बाजाराला काय नेलं? नानांनी चष्मा पुसला. मला कळलं, आता गाडी सुटली. अंडं म्हणजे उमेद, ते म्हणाले, जी अजून फुटली नाही. टोपली म्हणजे तकदीर. शेतकरी ती डोक्यावर घेतो, हातात नाही, याचा अर्थ असा की... तासाची घंटा झाली. दोन बाया उठून वर्गावर गेल्या. शेतकरी अजून त्याच्या फाटकातच होता.

मॅडम हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार मानते. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, तुमच्या कोर्टात साक्षीदाराला विचारलं की त्या दिवशी तुम्ही कुठं होतात, आणि तो सांगायला लागला की आयुष्य म्हणजे एक मुसाफिरी, तर तुम्ही काय करता?"

नाना पटकन म्हणाले, "थांबवतो. सांगतो, जितकं विचारलं तितकंच बोला."

बोलून गेले आणि थबकले. आयुष्यभर त्यांनी हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. घाबरलेल्या शेतकऱ्यांना, बोलघेवड्या सावकारांना, रडणाऱ्या बायकांना. ते स्वतःच्याच तोंडून ऐकताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, आणि मला मॅडमचा रागच आला.

"मग परीक्षेत तुमची मुलगी साक्षीदार असते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तिला वकील करून पाठवलंत."

नाना उठले, टोपी सारखी केली, कोर्टाचा बहुमोल वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली आणि आदाब करून बाहेर पडले. एरवी नाना माझ्याबरोबर चालायला लागले की कॉलेजच्या नारायणगुड्यापासून काचीगुड्यापर्यंत दुकानाची एकही पाटी अर्थ न सांगता सोडत नसत. त्या दिवशी सगळ्या पाट्या नुसत्या निघून गेल्या. शिंप्याची, दातांच्या डॉक्टरची, नुकतीच लागलेली, इंग्रजीतली, ताजी. मधेच एका इराणी हॉटेलात त्यांनी मला बसवलं, चहा आणि बिस्किटं मागवली, आणि आपला चहा बशीत ओतून तसाच ठेवला. मला वाटलं, संपलं. आता हे मला शिकवणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पास व्हायचंच नव्हतं. नांदेडला जाईन, आयुष्यभर काज-बटणं करीन, पण या माणसाचं तोंड असं नको, एवढंच वाटत होतं. आईनं दार उघडलं, आमच्या दोघांकडे बघितलं आणि काहीही न विचारता पानं घेतली.

सकाळी मला ठसक्यानं जाग आली. आई ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती आणि घरभर धूर झाला होता. मी डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले तर नाना तिथं उभे, डोळ्यांतून पाणी, तोंडावर उपरणं. आईनं खोकत खोकत हात लांब केला आणि खिडकी ढकलून उघडली. नाना त्या खिडकीकडे बघत राहिले. धूर निघून चालला होता, दुसरं तिथं काहीच नव्हतं. मग त्यांनी उपरणं खाली केलं आणि कोर्टातल्या आवाजात मला हाक मारली, पूर्ण नावानं. मी सावरून उभी राहिले. त्यांनी विचारलं की मिसेस हॉब्ज खिडकी का उघडी ठेवत असे? मला उत्तर माहीत होतं आणि देववत नव्हतं. नाना म्हणाले, "बोला, बोला. घाबरायचं नाही. जितकं विचारलं तितकंच."

"धूर होता म्हणून."

"बस," नाना म्हणाले. "पुढचा प्रश्न."

त्या दिवसापासून आमच्या घराचं कोर्ट झालं. शिटी झाली की शब्द हे चालूच राहिलं, पण उतारा निघाला की मी पाटावर उभं राहायचं आणि नानांनी एकेक प्रश्न विचारायचा. मी एक शब्द जास्त बोलले की ते हातातल्या लिहायच्या पाटीवर पेन्सिलीनं टकटक करायचे. सोपं नव्हतं त्यांना. एखाद्या उताऱ्यात सूर्य मावळला किंवा कुणी म्हातारा एकटा बाकावर बसला की त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची, सगळं जिभेपर्यंत आलेलं दिसायचं, आणि ते मोठ्या कष्टानं आवंढा गिळून पुढचा प्रश्न विचारायचे. या पद्धतीचा खरा फायदा मात्र आईनं उठवला. कोर्टातून आल्यावर नानांनी विचारावं, जेवण झालं का? आईनं म्हणावं, झालं. नानांनी पानावर येऊन बसावं आणि वाट बघावी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारावं, मग वाढत का नाही? ती म्हणायची, "माझं जेवण झालं का म्हून विचारलात. तुमचं कुठं विचारलात?" एकदा तर छत्री घरात आहे का म्हणून विचारलं, ती हो म्हणाली, आणि नाना भिजत कोर्टात गेले, कारण कुठंय ते त्यांनी विचारलं नव्हतं. शाहेदा आमच्याकडे अभ्यासाला यायची ती अर्धी याच तमाशासाठी आणि अर्धी आईच्या आंबाडी-भाकरीसाठी. ती म्हणायची, तुझी अम्मी पहिल्या नंबरानं पास होईल.

पुरवणी परीक्षा आली दसऱ्याच्या तोंडावर. केंद्र हिमायतनगरला एका शाळेत होतं. रस्त्यात बायका बतुकम्माच्या सणाची पिवळी फुलं घेऊन बसल्या होत्या आणि पाऊस संपून ऊन असं तापलेलं की पायाखालचं डांबर चिकटत होतं. नाना मला सोडायला आले. आईनं धपाट्यांचा आणि दह्याचा डबा दिला होता, पेपर संपल्यावर खायला. फाटकाशी आल्यावर नाना म्हणाले, डबा माझ्याकडे असू दे, आत सांडेल. मला जवळच एक काम आहे, ते करून मी येतो. रजा त्यांनी कधी घेतलेली मला आठवत नव्हती, त्यामुळे काम मोठंच असणार असं मी धरून चालले.

पास झाले हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव उगाच तिकडे टांगलेला राहील. उतारा एका दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. पहिल्याच ओळीत त्याची बायको वारलेली, आणि पुढं एका संध्याकाळी तो दिवा वेळेआधीच लावतो. प्रश्न: त्यानं दिवा लवकर का लावला? माझ्या पेनाच्या टोकाशी काय काय जमा झालं म्हणून सांगू. बायको होती, दिवा होता, दर्या तर समोरच होता! नानांच्या हातचा उतारा म्हणावा तो हाच. मी डोळे मिटले, पाटीवरची टकटक ऐकली आणि उताऱ्यात होतं तितकंच लिहिलं: धुकं पडलं होतं म्हणून. शब्दांमध्ये रिलक्टंट आला. स्वतःचं वाक्य लिहा म्हणाले होते, मी आईचं लिहिलं. न शिजणाऱ्या डाळीबद्दल परीक्षकाला काय वाटलं असेल देव जाणे, पण मार्क मिळाले. पुढं मला नोकरीसुद्धा टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर लागली. तिथं लोक नंबर विचारायचे आणि मी नंबर सांगायचे, त्याखेरीज एक अक्षर नाही. वरिष्ठ माझ्यावर फार खूश असत.

पण मला सांगायचंय ते फाटकाचं. पेपर देऊन मी बाहेर आले तेव्हा मुलींचा लोंढा फाटकातून सांडत होता, आणि त्या लोंढ्यात, सकाळी मी सोडलं अगदी त्याच जागी, नाना उभे होते. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, टोपी डोक्यावर, दोन्ही हातांत डब्याची थैली. कामबिम काही नव्हतंच. ते सकाळपासून तिथून हलले नव्हते, हे फाटकावरच्या चौकीदाराच्या तोंडावरच दिसत होतं. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. मीच विचारलं, "नाना, इथं का उभे राहिलात?"

त्यांनी क्षणभर विचार केला. ओठ हलले. मला वाटलं आता सुरू होणार, फाटक म्हणजे काय, वाट बघणं म्हणजे काय, मुलीचा बाप म्हणजे काय. मी ऐकायला तयार होते, कधी नव्हे ती आतुरसुद्धा होते.

"सावली होती," नाना म्हणाले.

एवढंच. मी वर बघितलं. झाड रस्त्याच्या पलीकडे होतं. सकाळी कधी भिंतीची सावली इथं पडली असेल ती केव्हाच सरकून गेली होती, आणि नाना उभे होते तिथं नुसतं रखरखीत ऊन होतं. त्यांची मान भाजून लाल झाली होती आणि टोपीच्या काठावर घामाचं मीठ सुकलं होतं. ज्यांनी सगळ्या गावाच्या कागदांना आतले अर्थ दिले, ते आपल्या स्वतःच्या बाबतीत एका ओळीवर थांबले होते, आणि ती ओळही धडधडीत खोटी होती. सई आत्ता मला विचारतेय, आजी, रडतेस का, आणि मी तिला सांगितलंय की फोडणीचा ठसका लागला, आणि घरात तर आज बाहेरून जेवण आलंय.

उलटतपासणीचा हक्क मला होता. मी तो सोडून दिला. नानांच्या हातातली थैली घेतली, आणि आम्ही दोघं रस्ता ओलांडून, जिथं खरोखर सावली होती तिथं, धपाटे खायला बसलो.